अनोळखी ग्रीक कांस्य नाणं कसं ओळखायचं?

ग्रीक नाणं म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर अथेन्सचं चांदीचं घुबड येतं. ते ओळखायला फारसे कष्ट पडत नाहीत. खरा कस लागतो तो कांस्याच्या, म्हणजे तांबं आणि कथील यांच्या मिश्रणाच्या, लहान नाण्यांपाशी. काळपट हिरवी चकती, एका बाजूला कुणाचं तरी डोकं, दुसऱ्या बाजूला पक्षी असावा असं वाटणारा उंचवटा, कडेला दोन-तीन अक्षरं आणि बाकी सगळं घासून गेलेलं. संग्रहालयांच्या खणांत आणि जुन्या खासगी संग्रहांत अशी कितीतरी नाणी नावाविना पडून असतात. त्यांतल्या बऱ्याच नाण्यांना नाव देता येतं, आणि त्यासाठी ग्रीक भाषा यावीच लागते असं नाही. क्रम मात्र पाळावा लागतो: आधी धातूची चकती, मग अक्षरं, आणि चित्र सगळ्यांत शेवटी. नवीन माणूस नेमका चित्रापासून सुरुवात करतो आणि म्हणून अडकतो.

ही नाणी इतकी अवघड का, हे आधी समजून घेऊ. प्राचीन ग्रीक जग हा एक देश नव्हता. स्पेनच्या किनाऱ्यापासून काळ्या समुद्राच्या उत्तर टोकापर्यंत आणि पुढे सीरिया-इजिप्तपर्यंत पसरलेली ती शेकडो स्वतंत्र शहरं होती, आणि नंतर त्यांच्यात राजघराण्यांची भर पडली. नाणी पाडणाऱ्या शहरांची, राजांची आणि जमातींची संख्या हजाराच्या पुढे जाते. चांदीचं नाणं परक्या शहरातही वजनावर चालायचं, त्यामुळे मोठ्या टांकसाळींची चांदी दूरदूर पोचली आणि तिचा अभ्यासही भरपूर झाला. कांस्याचं तसं नव्हतं. अथेन्समध्ये ८ खाल्कोस म्हणजे १ ओबोल आणि ६ ओबोल म्हणजे १ ड्राख्मा. म्हणजे चांदीच्या एका ड्राख्माला ४८ खाल्कोस. एवढ्या सुट्या पैशाची किंमत त्यातल्या धातूवर ठरत नसे, ते पाडणाऱ्या शहराच्या शब्दावर ठरत असे. कँटीनचं कुपन जसं त्या कँटीनबाहेर कुणी घेत नाही, तसं हे नाणं सहसा आपल्या शहराच्या वेशीपलीकडे फार लांब जात नसे.

यातून ओळखीच्या कामासाठी दोन गोष्टी निघतात. एक, वजन काटेकोर नसतं. एकाच ठशातून निघालेली दोन नाणी वजनाला चांगलीच वेगळी भरू शकतात, म्हणून वजनाकडे पट्टा म्हणून बघायचं, नेमका आकडा म्हणून नाही. दोन, नाणं कुठे सापडलं ही माहिती फार मोलाची असते. काळ्या समुद्राच्या काठावर मिळालेल्या झिजलेल्या नाण्याचा शोध आधी तिथल्याच शहरांत घ्यायचा, सिसिलीत नाही. दुर्दैवाने बाजारातून आलेल्या नाण्याची हीच माहिती हरवलेली असते, आणि ती एकदा हरवली की कुठल्याही प्रयोगशाळेत परत मिळत नाही.

काळाची चौकटही थोडी आवळता येते. कांस्याची नाणी नियमित पाडायला सुरुवात झाली ती इ.स.पू. पाचव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास, सिसिली आणि दक्षिण इटलीतल्या ग्रीक शहरांत. मुख्य ग्रीस आणि आशिया मायनरमध्ये ही पद्धत रुळायला चौथं शतक उजाडलं. त्यामुळे हातातलं कांस्य नाणं ग्रीक असेल, तर ते बहुधा इ.स.पू. ४५० नंतरच्या काही शतकांतलं असणार.

आता हातातल्या नाण्याकडे वळू. पहिली गोष्ट, ते घासू नका. आपल्याकडे तांब्या-पितळेच्या भांड्यांची सवय असल्यामुळे हात आपोआप चिंच, लिंबू किंवा भांड्यांच्या पावडरीकडे जातो. भांड्यावरचा कळंक काढणं ठीक आहे, पण दोन हजार वर्षं जमिनीत राहिलेल्या नाण्याची गोष्ट निराळी. अशा नाण्यावर उरलेले बारकावे पुष्कळदा त्या हिरव्या-तपकिरी थरातच असतात, कारण खालचा धातू केव्हाच बदलून गेलेला असतो. आम्लाने तो थर गेला की अक्षरंही जातात. डिस्टिल्ड पाण्यात बरेच दिवस भिजवणं, पाणी बदलत राहणं, मऊ ब्रश आणि मातीचे गोळे उचलायला लाकडी टूथपिक, एवढंच घरी करावं. फक्त एका खुणेवर लक्ष ठेवा. फिकट हिरव्या रंगाची, बोटाला लागणारी पूड दिसली तर तो क्लोराइडमुळे होणारा क्षय आहे आणि तो वाढत जातो. असं नाणं इतरांपासून लगेच वेगळं काढून जाणकाराला दाखवायचं.

मग मोजमाप. व्हर्नियर कॅलिपरने व्यास मिलिमीटरमध्ये आणि सोनाराकडे असतो तशा डिजिटल काट्यावर वजन ग्रॅममध्ये, निदान एका दशांशापर्यंत. नाणी अचूक गोल नसतात, म्हणून सर्वांत मोठा व्यास घ्यायचा. जगभरच्या कॅटलॉगांत कांस्य नाण्यांसाठी धातूवाचक लॅटिन शब्दाची ‘एई’ ही दोन अक्षरं वापरतात आणि पुढे व्यास लिहितात. ‘एई २०’ म्हणजे २० मिलिमीटरचं कांस्य नाणं. शोध घेताना ही खूण रोज लागते.

तिसरं माप बहुतेकांना ठाऊक नसतं. दर्शनी बाजूचं डोकं सरळ ठेवून नाणं वरच्या आणि खालच्या कडेला दोन बोटांत धरा आणि त्याच उभ्या रेषेवर फिरवा. मागचं चित्रही सरळ दिसलं तर ठशांचा कोन १२ वाजताचा, उलटं दिसलं तर ६ वाजताचा. दर्शनी ठसा ऐरणीत बसवलेला असे आणि मागचा ठसा कारागिराच्या हातात. तो मनाला येईल तसा धरला तर प्रत्येक नाण्यात कोन वेगळा येतो, आणि टांकसाळीत शिस्त असेल तर एकसारखा येतो. इजिप्तच्या टॉलेमी राजांच्या टांकसाळीत हा कोन सहसा १२ वर जुळलेला आढळतो. कित्येक शहरांच्या नाण्यांत तो कसाही असतो. एकट्या कोनावरून निकाल लागत नाही, पण दोन पर्यायांत अडकल्यावर तो कामी येतो.

चकती कशी घडवली आहे, हा मला या सगळ्या विद्येतला सर्वांत बोलका भाग वाटतो. झिजून चित्र गेलं तरी घडण राहते. दोन्ही बाजूंच्या मधोमध टोच्याने केल्यासारखे बारीक खळगे दिसले, तर पहिला संशय टॉलेमींच्या नाण्यांवर घ्यायचा. इ.स.पू. तिसऱ्या शतकाच्या मध्यापासून त्यांच्या कांस्य नाण्यांवर हे खळगे नेमाने दिसतात, आणि चकतीचा पृष्ठभाग साफ करताना ती हत्यारात धरल्यामुळे ते पडले असावेत असं मानलं जातं. पुढे रोमन काळातल्या काही शहरांच्या नाण्यांवरही ते येतात. टॉलेमींची काही नाणी ४० मिलिमीटरांहून रुंद आणि ७० ग्रॅमच्या आसपास वजनाची आहेत. एवढं जड कांस्य नाणं त्या काळात दुसरीकडे क्वचितच मिळतं, त्यामुळे नुसतं हातात घेतल्यावरच निम्मं उत्तर हाती येतं.

कडेला करवतीसारखे दात दिसले, तर सीरियाच्या सेल्यूसिड राजांकडे वळायचं. इ.स.पू. दुसऱ्या शतकात त्यांच्या टांकसाळींनी अशी दातेरी कडेची नाणी मोठ्या प्रमाणावर काढली. कडेच्या समोरासमोरच्या दोन जागी तुटल्यासारखे छोटे कोंब दिसले, तर चकत्या एका ओळीत जोडून ओतल्या आणि मग तोडून वेगळ्या केल्या, असं समजायचं. हे पुष्कळ ठिकाणी होत असे. काही ठिकाणी तर ठसा मारलाच नाही, नाणं थेट साच्यात ओतलं. आजच्या युक्रेनच्या किनाऱ्यावरच्या ओल्बिया शहराची डॉल्फिनच्या आकाराची नाणी, डॅन्यूबच्या मुखाजवळच्या इस्त्रोसची चाकाच्या आकाराची नाणी आणि सिसिलीतल्या अक्रागासची दातासारखी, शंकूसारखी जड नाणी ही याची ठळक उदाहरणं. अशा वस्तू ढिगातून बाजूला टाकल्या जातात, कारण ते नाणं आहे हेच कुणाच्या लक्षात येत नाही.

आता अक्षरं. ती वाचायला प्रकाश महत्त्वाचा. खोलीतला दिवा बंद करून एकच दिवा नाण्याच्या पातळीला, अगदी कडेने धरा आणि नाणं हळूहळू गोल फिरवा. उंचवट्यांच्या सावल्या लांब पडतात आणि समोरून अदृश्य असलेली रेघ अचानक उभी राहते. प्रत्येक कोनातून फोटो घ्या. एका फोटोत सगळं दिसत नाही, चार-पाच फोटोंतून शब्द जुळवावा लागतो. ठसा चकतीपेक्षा मोठा असल्याने किंवा मध्य चुकल्याने लेखाचा अर्धा भाग चकतीबाहेर गेलेला असतो, हेही लक्षात ठेवा. नाण्यावर तीनच अक्षरं असणं आणि तीनच उरलेली असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ग्रीक मोठ्या लिपीतली चोवीस अक्षरं एका संध्याकाळी शिकून होतात, आणि ती शिकाच. पाय म्हणजे दोन उभे खांब आणि वर आडवी पट्टी, पण जुन्या नाण्यांवर त्याचा उजवा खांब आखूड असतो. थीटा म्हणजे आत ठिपका किंवा रेघ असलेलं वर्तुळ. सिग्मा हा चार रेघांचा नागमोडी असतो, आणि इ.स.पू. पहिल्या शतकाच्या आसपासपासून पुढे तो चंद्रकोरीसारखा गोल व्हायला लागतो, त्यामुळे गोल सिग्मा दिसला की नाणं उशिराचं समजायला हरकत नाही. गामा, लॅम्डा आणि अर्धवट झिजलेला अल्फा यांची गल्लत सर्वांत जास्त होते.

लेख सहसा षष्ठी विभक्तीत असतो, म्हणजे ‘अमक्यांचं’ नाणं. शेवट ओमेगा-न्यू या दोन अक्षरांनी होत असेल तर ते बहुधा एखाद्या शहराच्या लोकांचं नाव आहे: सिराक्यूसकरांचं, लारिसाकरांचं, मामेर्टिनींचं. शेवट ओमिक्रॉन-उप्सिलॉनने होत असेल तर बरेचदा राजाचं नाव असतं, जसं फिलिपू, अलेक्झांड्रू, टॉलेमायू. त्याच्या जोडीला ‘बासिलेओस’, म्हणजे राजाचं, हा शब्द असेल तर शंका उरत नाही. कधी त्या शब्दाची बीटा आणि अल्फा ही दोनच अक्षरं चित्राच्या दोन बाजूंना लिहिलेली असतात, ही मॅसेडोनियाच्या राजांची सवय. लहान नाण्यांवर शहराचं नाव आखडून दोन-तीन अक्षरांत येतं. पाय-अल्फा-न्यू असेल तर पँटिकापायॉन, म्हणजे आजचं क्रिमियातलं केर्च. एप्सिलॉन-फाय असेल आणि जोडीला मधमाशी असेल तर एफेसस. रो-ओमिक्रॉन आणि गुलाब असेल तर ऱ्होड्स. काप्पा-उप्सिलॉन असेल तर थांबायला हवं, कारण क्यूमे आणि क्यूझिकोस अशी दोन शहरं डोळ्यांसमोर येतात. एका कानाचा पेला असेल तर क्यूमे, ट्यूना मासा असेल तर क्यूझिकोस. चित्राचा खरा उपयोग इथे होतो, अक्षरांनी दिलेल्या दोन-तीन पर्यायांतून एक निवडायला.

सुटी अक्षरं दिसली तर ती आकडेही असू शकतात. ग्रीक लोक अक्षरांनीच संख्या लिहायचे. सेल्यूसिड राज्यात वर्षं मोजायची ती इ.स.पू. ३१२ पासून. समजा बीटा, क्साय, रो अशी तीन अक्षरं सापडली. बीटा म्हणजे २, क्साय म्हणजे ६०, रो म्हणजे १००. बेरीज १६२. सेल्यूसिड संवताचं १६२ वं वर्ष म्हणजे इ.स.पू. १५१-१५०. कांस्याच्या एका फुटकळ नाण्यावर वर्ष असं थेट हातात मिळणं ही फार सुखाची गोष्ट असते. सिसिलीच्या नाण्यांवर बारीक गोळे दिसतात, ते मात्र वर्ष नव्हे, किंमत सांगतात. तिथे १२ ओंकिया म्हणजे १ लित्रा. सहा गोळे म्हणजे अर्धा लित्रा, तीन गोळे म्हणजे पाव.

चित्र शेवटी का, याचं सर्वांत चांगलं उदाहरण म्हणजे वज्रावर उभा असलेला गरुड. तो झ्यूसचा पक्षी, वज्र हे झ्यूसचं शस्त्र, आणि झ्यूस सगळ्यांचाच देव. त्यामुळे हे एकच चित्र पश्चिमेकडून पूर्वेपर्यंत सापडतं. इजिप्तच्या टॉलेमींनी तर ते घराण्याचं चिन्हच केलं: पुढे मेंढ्याची शिंगं असलेला झ्यूस-आमोन, मागे वज्रावर एक किंवा दोन गरुड. सिसिलीतल्या मेसाना शहरात, म्हणजे आजच्या मेसिनात, मामेर्टिनींनी पंख पसरलेला गरुड छापला. हे मूळचे इटलीतल्या कँपेनियाचे भाडोत्री सैनिक. इ.स.पू. २८८ च्या सुमारास त्यांनी ते शहर बळकावलं, आणि त्यांच्याच भांडणातून इ.स.पू. २६४ मध्ये रोम आणि कार्थेज यांचं पहिलं युद्ध पेटलं. मॅसेडोनियाचा शेवटचा राजा पर्सियस (इ.स.पू. १७९ ते १६८) याच्या नाण्यांवर गरुड आहे, पण पुढच्या बाजूला त्याच्याच नावाच्या पुराणपुरुषाचं, पंख असलेल्या शिरस्त्राणातलं डोकं. सीरियाचा अँटिओकस चौथा याने इजिप्तवर स्वारी केली त्या काळात, इ.स.पू. १६९-१६८ च्या सुमारास, टॉलेमींच्या धर्तीवरची गरुडाची नाणी स्वतःच्या नावाने काढली. आणि काळ्या समुद्राच्या दक्षिण काठावर, पाँटसचा राजा मिथ्रिडेटीस सहावा याच्या अमलाखालच्या शहरांनी झ्यूसचं डोकं आणि वज्रावरचा गरुड हीच जोडी वापरली.

आता समजा आपल्यापुढे एक नाणं आहे: २१ मिलिमीटर, ८ ग्रॅमच्या आसपास, कोन १२. पुढे उजवीकडे बघणारं दाढीवाल्या पुरुषाचं डोकं, केसांत पानांची माळ. मागे वज्रावर गरुड, शरीर डावीकडे आणि मान मागे वळवलेली. वज्राच्या खाली एका सरळ ओळीत अक्षरं, त्यांतली मधली तीनच वाचता येतात: म्यू, आयोटा, सिग्मा. डावीकडे अक्षरं एकात एक गुंफलेला एक मोनोग्राम.

मधोमध खळगा नाही आणि डोक्याला शिंग नाही, त्यामुळे टॉलेमी मागे पडतात. शिवाय टॉलेमींचा लेख गरुडाच्या दोन्ही बाजूंनी कडेला वळत जातो, इथे तो खाली आडवा आहे. मामेर्टिनींचा गरुड पंख पसरलेला असतो आणि पुढच्या बाजूला एरीसचं, म्हणजे युद्धदेवाचं, दाढी नसलेलं डोकं असतं, म्हणून तेही नाहीत. पर्सियस नाही, कारण शिरस्त्राण नाही आणि बीटा-अल्फाही नाही. अँटिओकस नाही, कारण त्याचा लांबलचक राजलेख या एका ओळीत मावणार नाही. उरला पाँटस. तिथे हीच जोडी वापरणारी शहरं एकापेक्षा जास्त आहेत: आमिसोस, सिनोपे, आमासेया, फार्नाकेया आणि आणखी काही. चित्र सगळ्यांचं जवळपास एकच, फरक फक्त नावाचा. म्यू-आयोटा-सिग्मा ही अक्षरं या क्रमाने ज्या नावात बसतात ते आमिसोस, आजच्या तुर्कस्तानातलं सामसुन. पूर्ण लेख ‘आमिसू’ असा. म्हणजे शेवट ओमिक्रॉन-उप्सिलॉनचा असूनही तो राजा नाही, शहर आहे. विभक्तीचा नियम वाट दाखवतो, पण डोळे झाकून त्याच्या मागे जायचं नाही. काळ इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या अखेरीपासून पहिल्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंतचा, कारण मिथ्रिडेटीसचा शेवट इ.स.पू. ६३ मध्ये झाला. त्याहून बारीक तारीख हवी तर तो मोनोग्राम कॅटलॉगमध्ये शोधायचा.

अक्षरं अजिबात नसतील तर? तरीही काही नाणी बोलतात. डावीकडे बघणारं, धान्याच्या कणसांची माळ घातलेलं स्त्रीचं डोकं आणि मागे उभा घोडा किंवा ताडाचं झाड असेल, तर ते कार्थेजचं. कार्थेज ग्रीक नव्हतं, पण सिसिलीच्या लढायांमुळे त्याची नाणी ग्रीक नाण्यांत मिसळलेली असतात आणि कॅटलॉगही त्यांना तिथेच जागा देतात. केसांना फीत बांधलेला अपोलो आणि मागे घोड्यावरचा तरुण ही मॅसेडोनियाच्या फिलिप दुसऱ्याची, म्हणजे अलेक्झांडरच्या वडिलांची (राज्य इ.स.पू. ३५९ ते ३३६), ओळख. ही नाणी विपुल मिळतात, आणि लेख घासला असला तरी साधारण १७-१८ मिलिमीटर आणि ६-७ ग्रॅम या मापावर अंदाज पक्का होतो. घोडेस्वार तोच पण पुढचं डोकं सिंहाचं कातडं पांघरलेल्या हेरॅक्लीसचं असेल, तर तो मॅसेडोनियाचा नंतरचा राजा कसँडर असण्याची शक्यता मोठी. सिंहाच्या कातड्यातलाच हेरॅक्लीस आणि मागे धनुष्याचा भाता व सोटा असेल, तर अलेक्झांडर. या नाण्यांवर घोड्याच्या पोटाखाली किंवा कडेला बारीक चिन्हं असतात: भाल्याचं टोक, तारा, एखादं अक्षर. टांकसाळीचा हिशेब ठेवायला ती होती. नुसतं ‘फिलिपचं नाणं’ इथवर थांबायचं नसेल, तर पुढची वाट त्या चिन्हांतूनच जाते.

नाण्याची दुसरी कुठली गोष्ट जुळत नसेल, तर ते पुन्हा छापलेलं आहे का ते बघा. जुन्या नाण्यावर नवा ठसा मारला की खालच्या चित्राच्या रेघा वर डोकावतात आणि दोन चित्रांची सरमिसळ होते. आपल्याकडे याचं फार मोठं उदाहरण आहे. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला क्षत्रप राजा नहपान याच्या चांदीच्या नाण्यांचा १३,००० हून अधिक नाण्यांचा साठा सापडला. त्यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला आहे, आणि त्याखाली नहपानाचा चेहरा अजून ओळखू येतो. नहपानाच्या त्या नाण्यांवर कडेने ग्रीक अक्षरं आहेत, म्हणून ती पाहून कुणी त्यांना ग्रीक म्हणू शकेल. ग्रीक लिपी म्हणजे ग्रीक नाणं नव्हे, हे भारतात तर फारच जपायला हवं. कनिष्काच्या तांब्याच्या नाण्यांवरही लिपी ग्रीक आहे, पण भाषा बहुतेकदा बॅक्ट्रियन. आणि चौकोनी तांब्याचं नाणं, एका बाजूला ग्रीक आणि दुसऱ्या बाजूला उजवीकडून डावीकडे वाचायची खरोष्ठी, असं दिसलं तर ते बहुधा अपोलोडोटस, मिनँडर अशा इंडो-ग्रीक राजांपैकी कुणाचं तरी असणार. त्याचा शोध भूमध्य समुद्राच्या काठी घेऊन उपयोग नाही.

दुसरी नेहमीची गफलत रोमन काळाची. रोमच्या अमलाखाली गेल्यावरही पूर्वेकडची ग्रीक शहरं कांस्याची नाणी ग्रीक लेखांसह काढत राहिली, ती थेट इ.स. तिसऱ्या शतकापर्यंत. पुढच्या बाजूला सम्राटाचा चेहरा आणि लेखात ‘काइसार’ किंवा ‘सेबास्तोस’ असा शब्द सापडला, तर ग्रीक कॅटलॉग मिटून रोमन प्रांतिक नाण्यांचा उघडायचा. ऑक्सफर्डहून चालणारा त्यांचा मोठा कॅटलॉग इंटरनेटवर विनामूल्य आहे.

कॅटलॉगांची रचना एकदा कळली की भीती वाटत नाही. व्हिएन्नाचा योझेफ एकेल (१७३७ ते १७९८) याने नाणी शहरांच्या अकारविल्हे न लावता भूगोलाप्रमाणे लावली: स्पेनपासून निघायचं, इटली, सिसिली, मॅसेडोनिया, ग्रीस, आशिया मायनर, सीरिया, इजिप्त असं भूमध्य समुद्राभोवती घड्याळाच्या दिशेने फिरत उत्तर आफ्रिकेच्या पश्चिम टोकाला पोचायचं. ब्रिटिश म्युझियमने १८७३ ते १९२७ या काळात छापलेले ग्रीक नाण्यांचे खंड याच पद्धतीवर उभे आहेत, आणि आजही बहुतेक संग्रह तसेच लावतात. ते जुने खंड आता डिजिटल रूपात चाळता येतात. राजांच्या नाण्यांसाठी अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीचे ऑनलाइन संच फार चांगले आहेत: अलेक्झांडरच्या घराण्यासाठी एक, सेल्यूसिडांसाठी एक, टॉलेमींसाठी एक. थ्रेस आणि वायव्य आशिया मायनरच्या शहरांसाठी कॉर्पस नुमोरम हा ऑनलाइन संच आहे. शोधताना सुरुवात अक्षरांच्या तुकड्याने करावी, मग व्यास घालावा, चित्राचे शब्द सगळ्यांत शेवटी. सापडलेला फोटो आपल्या नाण्याशेजारी एकाच मापात ठेवून बघावा. डोकं ‘सारखं वाटतं’ एवढं पुरत नाही. लेखाची जागा, गरुडाच्या मानेची दिशा, चिन्हाची बाजू, सगळं जुळायला हवं.

खोट्या नाण्यांबद्दल थोडक्यात. स्वस्त कांस्य नाण्यांच्याही नकला होतात, विशेषतः पर्यटकांसाठी. कडेवर गोल फिरणारी जोडाची रेघ, पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे असंख्य बुडबुडे, साबणासारख्या गुळगुळीत रेघा ही साच्यात ओतल्याची लक्षणं. दोन नाण्यांची कड, ओरखडे आणि मध्य चुकण्याची तऱ्हा तंतोतंत एक असेल, तर निदान एक तरी खोटं आहे, कारण ठसा एक असू शकतो पण चकती एक असू शकत नाही. एफेसससारख्या ठिकाणी फिरताना कुणी ‘शेतात सापडलेलं’ नाणं विकायला आलं तर घेऊ नका. ते खोटं असेल तर पैसे गेले, आणि खरं असेल तर तुर्कस्तानातून पुरातन वस्तू बाहेर नेणं हा गुन्हा आहे. भारतात जमिनीत सापडलेल्या ठेव्यासाठी १८७८ चा कायदा आजही लागू आहे आणि त्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते.

ओळख पटली, किंवा अर्धवट पटली, तरी ती लिहून ठेवा: शहर, प्रदेश, काळ, दोन्ही बाजूंचं वर्णन, वाचता आलेली अक्षरं आणि न आलेल्या अक्षरांच्या जागी ठिपके, व्यास, वजन, कोन, नाणं कुणाकडून आणि कधी आलं. जुन्या संग्रहातून आलं असेल तर सोबतची मळकी चिठ्ठी फेकू नका, तिच्यावर कधीकधी सापडण्याची जागा लिहिलेली असते. नक्की काय आणि अंदाज काय, हे वेगळं लिहा. ‘पाँटस, बहुधा आमिसोस’ ही नोंद ‘आमिसोस’ या चुकीच्या खात्रीपेक्षा पुढच्या अभ्यासकाला जास्त उपयोगी पडते. चिठ्ठी आम्लरहित कागदाची असावी, आणि नाणं मऊ पीव्हीसी प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवू नये. ते प्लॅस्टिक काही वर्षांत विरायला लागतं आणि कांस्यावर चिकट हिरवा थर सोडतं.